दुर्बीण पोहोचते, पण उशिरा

इटियाडोह (जि. गोंदिया) : अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीला बांध घालून इटियाडोहचे धरण उभे राहिले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले आहे. १९७०च्या सुमारास अडवलेले हे पाणी केवळ गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांपुरते थांबत नाही. कालव्यांच्या वाटेने ते भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, आरमोरीच्या शिवारांपर्यंत जाते. या लाभक्षेत्रातील माणसाचे पोट धानावर चालते. ते पोट दुखू लागले की मात्र त्याला पाण्याच्या उलट दिशेने, अर्जुनी, साकोली, भंडारा असे टप्पे करीत नागपूरकडे निघावे लागते. रस्त्याने हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. रेल्वेने जायचे तर आधी उत्तरेला गोंदिया गाठावे लागते आणि मग गाडी बदलून पश्चिमेला वळावे लागते.

या प्रवासाचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितलेले असते, ‘एकदा दुर्बीण टाकून बघा.’ एंडोस्कोपी हा शब्द शहरात रुळला असला तरी ग्रामीण भागात आजही ‘दुर्बीण’ हाच शब्द चालतो. खरे तर दुर्बीण दूरचे दाखवते आणि ही नळी माणसाच्या अगदी आतले. परंतु या भागापुरता तो शब्द चुकीचा म्हणवत नाही, कारण ही तपासणी दूर आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत या परिसराचा आरोग्याचा नकाशा बराच बदलला. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत भंडारा आणि गडचिरोली ही दोन्ही नावे होती. म्हणजे इटियाडोहचे पाणी ज्या तीन जिल्ह्यांत जाते, त्या तिन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता. या पार्श्वभूमीवर पोटाच्या दुर्बिणीचा प्रश्न नव्याने तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे म्हणावे लागेल.

साधन काय आहे?

माणसाच्या पोटात डोकावण्याची धडपड दीडशे वर्षांहून जुनी आहे. जर्मन वैद्य अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ साली एका तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ धातूची नळी जठरापर्यंत नेली. ताठ नळी सामान्य रुग्णाला सोसणे शक्य नव्हते, आणि आत उजेड पोहोचवण्याचे साधनही नव्हते. ही अडचण सोडवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करीत होते. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून, जुडगा वाकवला तरी, चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे या दोघांनी १९५४ साली दाखवून दिले. त्या आधारावर अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ साली लवचीक गॅस्ट्रोस्कोप तयार केला आणि पहिल्यांदा तो स्वतःच्याच घशात घालून पाहिला. कपानी यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२१ साली, मरणोत्तर.

आजच्या नळीच्या टोकाला कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर उमटते. जठराच्या तपासणीची नळी साधारण करंगळीएवढी जाड आणि मीटरभर लांब असते. सहा ते आठ तास उपाशी राहायचे, घशाला बधिर करणारा फवारा मारायचा, डाव्या कुशीवर झोपायचे. पाच-दहा मिनिटांत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात डॉक्टरांना पाहून होते. मोठ्या आतड्यासाठी गुदद्वारावाटे कोलोनोस्कोप घालतात, त्यासाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पिऊन आतडे साफ करावे लागते. मधला लहान आतड्याचा लांबलचक भाग दोन्हीकडून नीट दिसत नाही. तिथे गिळायच्या गोळीतला कॅमेरा कामी येतो, पण तो आपल्या विषयाच्या कक्षेबाहेरचा आणि बहुतेकांच्या खिशाबाहेरचाही आहे.

या नळीला आणखी एक पोकळ वाट असते. त्या वाटेतून चिमटा, सुई, तारेचा फास, रबरी कडे, जाळीदार नळी अशी अवजारे आत जातात. म्हणजे दुर्बीण नुसती पाहत नाही, तर तिथल्या तिथे तुकडा काढते, रक्तस्राव थांबवते, अडकलेले नाणे किंवा माशाचा काटा बाहेर आणते. इटियाडोहच्या जलाशयात मासेमारी चालते आणि घशात काटा रुतण्याचा अनुभव इथे घरोघरी असेल. बहुतेक काटे आपोआप जातात. दुसऱ्या दिवशीही थुंकी गिळता येत नसेल, तर केळी-भाताचे गोळे गिळत बसण्यापेक्षा दुर्बीण बरी.

‘ॲसिडिटी’चे एक वर्ष

दुर्बीण उशिरा पोहोचते याचे पहिले कारण अंतर नव्हे. पहिले कारण ‘ॲसिडिटी’ हा शब्द आहे. छातीत जळजळ, पोटात आग, जेवल्यावर जडपणा, घास अडकणे, उलटी, या सर्व तक्रारी एकाच शब्दात जमा होतात आणि त्यावर एकच उपाय मिळतो, आम्ल कमी करणारी गोळी. ती औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, स्वस्त असते आणि तिने थोडा आराम पडतो. हा आरामच घातक ठरू शकतो. जठरातील सुरुवातीच्या कर्करोगाची जखमही अशा गोळ्यांनी काही काळ शांत झाल्यासारखी वाटते.

ज्याला जळजळ होते त्या प्रत्येकाला दुर्बीण हवी, असे नाही. तसे सुचवणे म्हणजे खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींना हातभार लावणे होईल, आणि शहरांत गरज नसलेल्या एंडोस्कोपीही कमी होत नाहीत. तरुण माणूस, वजन कायम, भूक कायम आणि नुसती जळजळ असेल, तर औषध देऊन वाट पाहणे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. मात्र काही लक्षणांत वाट पाहायची नसते. घास अडकणे, आणि त्यातही आधी भाकर, मग भात, मग पातळ पेज असा क्रमाने अडकणे, हे त्यांतले सर्वात ठळक लक्षण. कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, सतत उलट्या, न भरून येणारा रक्तक्षय ही बाकीची. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पोटाची तक्रार पहिल्यांदाच सुरू झाली असेल, तर तीही याच यादीत बसते.

आता ही लक्षणे इटियाडोहच्या परिसरात ठेवून पाहावीत. रोवणीच्या हंगामात बायका दिवस दिवस चिखलात वाकून असतात. कंबर धरली की वेदनाशामक गोळी घेतात, तीही अनेकदा उपाशीपोटी. अशा गोळ्यांनी जठराच्या अस्तराला जखम होते आणि ती रक्त गाळू लागते, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. रक्त आतड्यातून जाताना काळे पडते. पण याच भागात रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्याही मोठ्या प्रमाणावर वाटल्या जातात आणि त्या गोळ्यांनीही शौच काळी होते. परिणामी ‘काळी होते’ या तक्रारीला ‘गोळ्यांमुळे होत असेल’ हे उत्तर तयार असते. लोहाची शौच काळसर असली तरी डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते. हा फरक आशा कार्यकर्तीला शिकवायला पाच मिनिटे लागतात. या पाच मिनिटांना कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात चहाइतका सर्वसामान्य आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, सुगंधित तंबाखूही बंदीच्या कक्षेत आला, पण खर्ऱ्याची पुडी हद्दपार झाली नाही. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता गावातल्या शाळेच्या भिंतीवरही लिहिलेले असते. धूरविरहित तंबाखू आणि सुपारी या दोन्हींचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशीही जोडलेला आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या दोन्ही पदार्थांना कर्करोगकारक ठरवले आहे. तोंडातली जखम आरशात दिसते. अन्ननलिकेतली गाठ बऱ्याच प्रमाणात वाट अडवेपर्यंत जाणवत नाही, कारण अन्ननलिका ताणली जाते आणि माणूस नकळत अन्न अधिक चावू लागतो, पाण्याबरोबर गिळू लागतो.

सरकारी कर्करोग तपासणी मोहीम इथे कामी येत नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी. ही निवड चुकीची नाही. हे तीन कर्करोग जास्त आढळतात आणि साध्या तपासणीत सापडतात. जपानने आणि दक्षिण कोरियाने जठराच्या कर्करोगासाठी देशव्यापी तपासणी उभारली, कारण तिथे त्या रोगाचे प्रमाण फार मोठे आहे. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ही तपासणी करण्याची सोय आहे. भारतात सरसकट प्रत्येकाच्या घशात नळी घालण्याचे समर्थन कोणी शहाणा माणूस करणार नाही. पण तोंड तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेने खर्रा खाणाऱ्या माणसाला ‘घास अडकतो का?’ एवढा एक प्रश्न विचारला, तर त्या मोहिमेवर कोणता भार पडणार आहे?

जपानमध्ये जठराची गाठ अस्तरापुरती असतानाच सापडते आणि दुर्बिणीतूनच सोलून काढली जाते. आपल्याकडे त्याच दुर्बिणीतून बहुतेकदा जाळीदार धातूची नळी बसवली जाते. अन्ननलिका गाठीने बंद झालेली असते आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. ती नळी रुग्णाला पेज, वरण, दूध गिळू देते, आणि शेवटच्या काही महिन्यांत ही गोष्टही लहान नसते. साधन तेच आहे, फरक आहे तो आठवड्यांचा आणि महिन्यांचा.

व्रणाच्या बाबतीत मात्र सांगण्यासारखी चांगली बातमी आहे. एकेकाळी ज्या आतड्याच्या व्रणासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया व्हायच्या, त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले. मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूचे पाणी स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आज दुर्बिणीतून घेतलेल्या इवल्याशा तुकड्यावर ही तपासणी होते आणि दोन आठवड्यांच्या औषधांनी व्रण कायमचा बरा होऊ शकतो. तपासणी न करता वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीने तो बरा होत नाही, फक्त झाकला जातो.

काविळीची गफलत

इटियाडोहच्या परिसरात दुर्बिणीचा प्रश्न शहरापेक्षा वेगळा होतो तो सिकलसेलमुळे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०४७ सालाची मुदत ठेवली. अभियानाचा भर रक्ततपासणी आणि विवाहपूर्व समुपदेशनावर आहे. तो योग्यही आहे. पण जे आज सिकलसेल घेऊन जगत आहेत, त्यांच्या पोटात काय घडते, हा विषय त्यात मागे पडतो.

सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतून पिवळे रंगद्रव्य तयार होते, त्यामुळे डोळे कायम किंचित पिवळसर असतात. हेच रंगद्रव्य पित्ताशयात साचून काळसर खडे होतात. सर्वसामान्यांत पित्ताचे खडे मध्यम वयाचा आजार मानला जातो, सिकलसेलमध्ये ते शाळकरी वयातही सापडतात. यातला एखादा खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की पित्ताची वाट बंद होते. कावीळ वाढते, थंडी वाजून ताप येतो, उजव्या कुशीत कळा येतात. साचलेल्या पित्तात जंतू वाढले तर रक्तदोष होऊन काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

आणि इथेच गफलत होते. मुलाचे डोळे तसेही पिवळे असतात, पोटही वरचेवर दुखते. घरच्यांना वाटते, नेहमीचाच त्रास असेल. डोळे फारच पिवळे झाले तर काविळीचे गावठी औषध देणारा दोन गावांपलीकडे असतोच. विषाणूजन्य कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते, म्हणून त्या औषधाची ख्याती टिकून राहते. अडकलेला खडा झाडपाल्याने उतरत नाही. या सगळ्यात आठ-पंधरा दिवस जातात.

अशा खड्यावरचा उपाय म्हणजे ईआरसीपी. बाजूला पाहणारा खास प्रकारचा एंडोस्कोप लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिकेचे इवलेसे तोंड शोधतात, त्यात बारीक तार घालतात, ते तोंड किंचित कापून रुंद करतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. पित्तनलिकेचे तोंड दुर्बिणीतून कापण्याची पद्धत १९७४ साली जर्मनी आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सुरू झाली. त्याआधी पोट उघडण्यावाचून इलाज नव्हता. सिकलसेलच्या रुग्णासाठी मोठी शस्त्रक्रिया आणि पूर्ण भूल जोखमीची असल्याने हा फरक त्याच्या बाबतीत अधिकच मोलाचा ठरतो.

ईआरसीपी हे मात्र साध्या गॅस्ट्रोस्कोपीसारखे काम नाही. त्याला क्ष-किरणांचे यंत्र, भूलतज्ज्ञ आणि वर्षानुवर्षांचा हात लागतो. अनुभवी हातांतही शंभरात तीन ते दहा रुग्णांना नंतर स्वादुपिंडाचा दाह होतो. म्हणून ते तालुक्याच्या गावी व्हावे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पूर्व विदर्भापुरते ते प्रामुख्याने नागपुरातच होते, आणि आणखी काही वर्षे तिथेच होईल. तालुक्याच्या गावी व्हायला हवी ती सोनोग्राफी, आणि ती काविळीच्या तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी नव्हे. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली की रुग्णाला कुठे पाठवायचे, फोन कोणाला करायचा, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात लिहून ठेवलेले असावे.

प्रवासाचा भाग याहून कमी बोलला जातो. दुर्बिणीसाठी उपाशी राहा, असे सांगितले की खेड्यातला माणूस पाणीही बंद करतो. पहाटे निघायचे, उन्हातून बसने चार-पाच तास, मग रांग, मग ‘डॉक्टर दुपारी येतील’. धडधाकट माणसाला यात फक्त चक्कर येते. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले तर पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे तपासणीची तयारीच आजार ओढवून आणते. अशा रुग्णाला आदल्या रात्री भरती करून सलाईन लावणे आणि सकाळी पहिल्या क्रमांकावर घेणे, इतकेच करायचे असते. संदर्भ चिठ्ठीवर ‘सिकलसेल’ हा शब्द ठळक लिहिला तर ते घडू शकते.

रक्ताची उलटी थांबत नाही

कर्करोग महिने घेतो, खडा दिवस घेतो, रक्ताची उलटी काही तासच देते. यकृत निकामी होऊन त्यावर चट्टे पडले की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या रात्री फुटतात. मोहाची असो की देशी दुकानातली, दारू हे यामागचे मोठे कारण आहे. हिपॅटायटिस बी हे दुसरे. १९७२ साली वसलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत याच गोठणगाव-प्रतापगड परिसरात आहे. भारतातील तिबेटी समाजात या विषाणूचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. त्यावर लस आहे, औषधेही आहेत. ज्यांच्या शिरा फुगल्या आहेत, त्यांच्या शिरांना दुर्बिणीतून रबरी कडी घालून फुटण्याआधीच बंद करता येते. फुटल्यावरही तोच उपाय करतात, फक्त तेव्हा वेळ नसतो.

अशा रात्री नागपूर फार लांब असते. रुग्णवाहिका मिळाली तरी वाटेत रक्त देणारे कोणी नसते. गोंदियाचे वैद्यकीय महाविद्यालय इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. तिथे रात्री-अपरात्री दुर्बीण चालवणारा प्रशिक्षित डॉक्टर आणि रक्तपेढी एकत्र मिळणे, ही या तालुक्याची सर्वांत निकडीची गरज आहे. महाविद्यालयाच्या नव्या इमारतींची चर्चा खूप होते, रात्रीच्या पाळीची चर्चा कोणी करत नाही.

शिबिर नको, वार हवा

सरकारी यंत्रणेला दुर्बीण खेड्यात नेण्याचा अनुभव नाही, असे नाही. कुटुंबनियोजनाच्या ‘बिनटाक्याच्या’ शस्त्रक्रियेसाठी राज्याने दशकानुदशके दुर्बिणीची शिबिरे भरवली. खेड्यातल्या हजारो स्त्रियांना दुर्बीण हा शब्द तिथूनच माहीत झाला. उद्दिष्ट असले की दुर्बीण, शल्यचिकित्सक, गाडी सगळे तालुक्याला पोहोचते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच शिबिरांनी दुसरी गोष्टही शिकवली. नोव्हेंबर २०१४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका दिवसात एकाच शल्यचिकित्सकाने ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या भागातील शिबिरांनंतर १३ स्त्रियांचा मृत्यू झाला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

पोटाच्या दुर्बिणीलाही हा इशारा लागू आहे. नळी एका रुग्णाच्या पोटातून निघून दुसऱ्याच्या घशात जाते. मधल्या वेळेत ती ब्रशने आतून घासून, धुऊन, जंतुनाशक द्रावणात ठरलेला वेळ बुडवून, पुन्हा धुऊन वाळवावी लागते. प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतःची गॅस्ट्रोस्कोपी एका शहरातील खासगी रुग्णालयात करून घेतली, तेव्हा आधीच्या रुग्णाची नळी बादलीत दोनदा बुडवून पुढच्यासाठी सज्ज झालेली पाहिली. आपला क्रमांक पहिला कसा लावून घ्यायचा, एवढाच विचार त्या क्षणी मनात आला, हे कबूल केले पाहिजे. पुढारलेल्या देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात ईआरसीपीच्या नळ्यांतून औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूचा प्रसार झाला होता. म्हणून एका दिवशी शंभर रुग्ण तपासल्याची छायाचित्रे छापून आणणारी शिबिरे नकोत. नळ्या किती, धुणारे हात किती आणि तास किती, यावरून दिवसाची संख्या ठरावी.

त्यापेक्षा ठरलेला वार बरा. अर्जुनी मोरगावसारख्या ठिकाणी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एक दिवस गोंदियाहून प्रशिक्षित शल्यचिकित्सक आणि परिचारिका यावेत आणि मोजके दहा-बारा रुग्ण तपासावेत. साधी गॅस्ट्रोस्कोपी करायला पोटविकारतज्ज्ञाची सर्वोच्च पदवीच हवी, असे नाही. प्रशिक्षण घेतलेले शल्यचिकित्सक आणि फिजिशियन ती देशभर करतात. गोंदिया, ब्रह्मपुरी यांसारख्या शहरांतील खासगी दवाखान्यांत ती होतेच, त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. नव्या संचाची किंमत लाखांत जाते, हे खरे. पण बंद पडलेल्या यंत्राची किंमतही तेवढीच असते. नळी फार वाकवली की आतली तार तुटते, दुरुस्तीसाठी ती मोठ्या शहरात जाते आणि तिथे महिनोन्‌महिने राहते. खरेदीबरोबर देखभालीचा करार झाला नाही, तर यंत्र कपाटात जाते. सरकारी रुग्णालयांशी संबंध असलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको.

पैशाची बाजू पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाल्या. राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिलेली जनआरोग्य योजना आता सर्व कुटुंबांना खुली असून तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. तरीही या योजनेचा गाभा भरती झालेल्या रुग्णाच्या उपचाराचा आहे. ज्याला अजून रोगाचे नावच कळलेले नाही, जो फक्त ‘घास अडकतो’ म्हणून आला आहे, त्याची बाह्यरुग्ण तपासणी, बसभाडे, बुडालेली दोन दिवसांची मजुरी आणि सोबतच्या माणसाची मजुरी हे सारे त्याच्याच खिशातून जाते. म्हणून तो रोवणी उरकायची वाट पाहतो, मग कापणीची, मग धानाच्या चुकाऱ्याची. जून ते डिसेंबर असाच निघून जातो. दिवाळीनंतर मंडया भरतात, वडशाची नाटके गावोगावी रंगतात, घरात पाहुणे असतात. जानेवारीत केव्हातरी दुर्बीण होते.

दुर्बीण झाली म्हणजे निदान झाले, असेही नव्हे. काढलेला तुकडा विकृतिशास्त्र विभागाकडे जातो, त्याच्यावर प्रक्रिया होते, काच तयार होते आणि अहवाल यायला आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तो घ्यायला पुन्हा नागपूरची फेरी. या दुसऱ्या फेरीला अनेक रुग्ण जातच नाहीत, कारण दरम्यानच्या औषधांनी थोडे बरे वाटलेले असते. तालुक्यात घेतलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गोंदियाच्या महाविद्यालयात पाठवणे आणि अहवाल गोठणगावच्या डॉक्टरांच्या फोनवर येणे, याला नवा शासन निर्णय लागेल असे वाटत नाही. बाटलीवर रुग्णाचे नाव नीट लिहिलेले असावे, आणि अहवालात काय आले हे सांगायला आरोग्यसेविकेने त्याच्या घरी जावे. अहवाल वाईट असेल तर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठीही त्याच दिवशी तिच्या हातात असावी.